पहिल्या तासाचा आवाज : दृष्टिहीनांनी स्वतःचा संगणक स्वतः उभा करण्याचा इतिहास

(दोंडाईचा येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, सरांनी निवृत्तीनंतर कॉम्प्युटरचं दुकान टाकलं की काय. तसं काही नाही. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि यंत्रांच्या बाबतीत आजही नातवंडांवर अवलंबून आहे. आज बोलायचंय ते एका अगदी साध्या गोष्टीवर. आपण जिला ‘फॉरमॅट मारणं’ किंवा ‘विंडोज टाकणं’ म्हणतो ती गोष्ट. कोऱ्या किंवा बिघडलेल्या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने चढवायची. आपल्यापैकी बहुतेक जण यंत्र दुकानात नेऊन ठेवतात, संध्याकाळी घेऊन येतात. त्यात इतिहास असण्यासारखं काय आहे असं वाटेल. पण ज्याला दिसत नाही त्याने हे काम स्वतः कसं करायचं, या प्रश्नाला तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास आहे.

मला तो का शोधावासा वाटला, ते आधी सांगतो.

माझा एक विद्यार्थी शिंदखेडा तालुक्यातला. जन्मापासून दिसत नाही. नाव सांगत नाही, त्याचीच तशी इच्छा आहे. बी.ए.ला माझ्या वर्गात होता, पुढे एमएस-सीआयटी केलं, कारकुनाची नोकरी लागली. घरी एक संगणक घेतला होता, त्यावर पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम. एके दिवशी यंत्रात व्हायरस शिरला म्हणून ते एका दुकानात दिलं. चार दिवसांनी परत आलं. बटण दाबलं, पंखा फिरला, आणि पुढे काहीच नाही. विंडोज नवीन टाकलं होतं, पण आवाजाचा ड्रायव्हर नव्हता, वाचून दाखवणारा प्रोग्राम तर नव्हताच. दुकानदाराच्या लेखी काम पूर्ण झालं होतं, कारण पडद्यावर सगळं दिसत होतं. याने मला फोन केला. चिडला की तो अहिराणीत बोलतो. म्हणाला, “सर, मना कॉम्प्युटर मुका व्हई गया.”

मी गेलो. त्याने मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, “सर, तुम्ही फक्त वाचा, काय करायचं ते मी सांगतो.” कारण जाण त्याला होती, डोळे मला होते. दोन-अडीच तास मी वाचत होतो, तो सांगत होता, मी दाबत होतो. पुन्हा सगळं पहिल्यापासून टाकायचं ठरलं. एका ठिकाणी डिस्कच्या भागांची यादी आली. आकडे, कंसात काहीतरी, परत आकडे. मला वाटलं, हे काय वाचायचं, तांत्रिक दिसतंय. मी म्हटलं, “यादी आहे, पुढे जाऊ?” तो म्हणाला, “जा.” त्या यादीतल्या दुसऱ्या ओळीत त्याच्या आजीच्या आवाजातली अहिराणी गाणी होती. दळणाची, लग्नातली, त्याने मोबाईलवर रेकॉर्ड करून जपलेली. आजी तोवर गेलेली होती. मी ‘पुढे’ म्हटलं आणि तो भाग पुसला गेला.

त्याने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. इतकंच म्हणाला की पुढच्या वेळी मी एकटा करीन.

महाभारतात धृतराष्ट्राला ‘प्रज्ञाचक्षु’ म्हटलंय. आपल्याकडे विदर्भातल्या गुलाबराव महाराजांना हीच उपाधी लावतात. तान्हेपणी दृष्टी गेलेला हा माणूस दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेत घेत स्वतः शंभरावर ग्रंथांचा कर्ता झाला. शब्द मोठा गौरवाचा आहे. पण धृतराष्ट्राला युद्ध कळतं ते संजयाच्या तोंडून. व्यास दिव्यदृष्टी आधी धृतराष्ट्रालाच देऊ करतात; तो नको म्हणतो, तेव्हा ती संजयाला मिळते. संजय प्रामाणिक आहे, हुशार आहे, तरी काय सांगायचं आणि काय गाळायचं हे त्याच्या हातात आहे. त्या दुपारी मी संजय होतो, आणि वाईट संजय होतो. वाचून दाखवणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर सगळं भागत नाही, हे मला पुस्तकातून नाही कळलं.

तर आता मूळ अडचण काय ती समजून घेऊ. पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे स्क्रीन रीडर, हा ऑपरेटिंग सिस्टीमवर राहणारा भाडेकरू आहे. इमारत उभी राहिली की तो राहायला येणार. आवाज निघायला साउंड कार्ड ओळखावं लागतं, ते ओळखणारा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर येतो. पण आपण बोलतोय इमारत बांधण्याच्या वेळेबद्दल. तेव्हा भाडेकरू नाही, वीज नाही, काही नाही. आणि नेमका त्याच वेळी संगणक सगळ्यात धोक्याचे प्रश्न विचारतो. कोणती डिस्क पुसू? सगळी की अर्धी? नक्की ना? म्हणजे एरवी दिवसभर बोलणारं यंत्र तेवढा पहिला तास गप्प.

मजा अशी की संगणक बोलायला लागून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आयबीएमच्या संशोधन विभागात जेसी राइट नावाचे गणितज्ञ होते, दृष्टिहीन. त्यांचे सहकारी जिम थॅचर. आयबीएमचा छोटा पीसी आल्यावर या जोडीच्या कामातून १९८०च्या दशकाच्या मध्याला डॉससाठी स्क्रीन रीडर तयार झाला. ‘स्क्रीन रीडर’ हे मूळ त्या वस्तूचंच नाव, पुढे जातिवाचक झालं. डॉसचा पडदा म्हणजे २५ ओळी आणि ८० रकाने, एकूण २००० अक्षरं, आणि ती मेमरीत ओळीने मांडलेली. प्रोग्रामने तिथे जाऊन वाचायचं आणि बोलणाऱ्या पेटीकडे पाठवायचं. ही पेटी वेगळी असे, यंत्राला मागून वायरने जोडलेली. डिजिटल कंपनीची १९८४ची डेकटॉक ही त्यातली नावाजलेली. १९८९ मध्ये जॉज आलं. ते करणारे टेड हेंटर हे मोटारसायकल शर्यतींतले स्वार, अपघातात दृष्टी गेल्यावर प्रोग्रामिंगकडे वळलेले. नंतर विंडोज आलं, अक्षरांच्या जागी चित्रं आली, आणि वाचणाऱ्यांचं काम एकदम अवघड झालं. तो मोठा झगडा आहे, पण आपल्या विषयाला थोडा बाजूचा, म्हणून सोडतो.

पण विंडोज टाकायचं कसं? २००१च्या विंडोज एक्सपीचं उदाहरण घ्या. सुरुवातीला निळा पडदा, पांढरी अक्षरं, आवाज शून्य. करार मान्य असेल तर एफ-८ दाबा. (डोळस माणसंही तो करार वाचत नाहीत, तेवढी समता तिथे होती.) लोकांनी यावर एक युक्ती शोधली. मोठ्या कंपन्यांना शेकडो यंत्रांवर एकदम विंडोज टाकायचं असे, म्हणून मायक्रोसॉफ्टने ‘उत्तरांची फाइल’ ठेवण्याची सोय दिली होती. प्रश्न येण्याआधीच सगळी उत्तरं त्या फाइलमध्ये लिहायची, सीडीत घालायची, आणि यंत्र सुरू करून बाजूला बसायचं. दृष्टिहीन वापरणाऱ्यांनी ती सोय उचलली. प्रश्न ऐकू येणार नाहीत हे गृहीत धरून उत्तरं आधीच लिहून ठेवायची. परीक्षेला प्रश्नपत्रिका न बघता उत्तरपत्रिका देऊन यावं तसं. मध्येच एखादा न ठरलेला प्रश्न आला की सगळं अडणार, आणि अडलंय हेसुद्धा कळणार नाही. दुसरी युक्ती होती लिनक्सवाल्यांची : नव्या यंत्राला वायरने दुसरं बोलतं यंत्र जोडायचं आणि तिथून सूत्रं हलवायची. म्हणजे एक संगणक उभा करायला आधीचा एक उभा हवा.

आता थोडं पुण्याला जाऊ. टी. व्ही. रामन यांचं नाव आपल्याकडे जितकं माहीत असायला हवं तितकं नाही. जन्म १९६५, पुणे. चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली. भाऊ, शिक्षक पुस्तकं वाचून दाखवत आणि हा मुलगा गणित शिकत गेला. वाडिया कॉलेजात गणिताची पदवी, मग पवईला आयआयटीत. तिथे त्यांनी प्रकल्प केला तो असा, की आलेखातली वक्ररेषा कानाने ऐकून ओळखता यावी. पुढे कॉर्नेलला पीएच.डी., विषय गणिती मजकूर आवाजात कसा मांडायचा. त्या प्रणालीचं नाव ‘ॲस्टर’, आणि त्यांच्या वाटाड्या कुत्र्याचं नावही ॲस्टरच. संगणकशास्त्रातल्या सर्वोत्कृष्ट प्रबंधाचा एसीएमचा पुरस्कार त्यांना १९९४चा मिळाला. आणि १९९५ मध्ये त्यांनी ‘इमॅकस्पीक’ सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं.

इमॅकस्पीकमागचा विचार मला तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून फार मोलाचा वाटतो. बाकीचे स्क्रीन रीडर काय करत होते? पडदा हे मूळ समजून तो वाचत होते. समजा पडद्यावर महिन्याचं कॅलेंडर आहे. पडदा वाचणारा आडव्या ओळीने म्हणणार : एक, दोन, तीन, चार. रामन यांचं म्हणणं, पडदा हे मूळ नाहीच. प्रोग्रामला माहीत आहे की ही तारीख आहे, हा वार आहे. डोळ्यांसाठी त्याने त्याची चौकट केली. कानांसाठी त्याने थेट म्हणावं, ‘मंगळवार, चार तारीख’. म्हणजे चित्राचं वर्णन करू नका, मूळ गोष्टच बोला. आशय एक आहे, इंद्रियं दोन आहेत, आणि त्यातलं एक मालक आणि दुसरं भाडोत्री असं काही नाही.

हे मी का सांगतोय? कारण ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं म्हणजे मुळात प्रश्नोत्तरं आहेत. भाषा कोणती? नाव काय? डिस्क कोणती? यात चित्र कुठे आहे? चित्र नंतर चढवलंय. डेबियन नावाची लिनक्सची एक जुनी, स्वयंसेवकांनी चालवलेली शाखा आहे. तिच्या इन्स्टॉलरची रचना सुरुवातीपासून अशी की प्रश्न एका बाजूला साठवलेले आणि ते दाखवायचे कसे हे दुसऱ्या बाजूला. तोच प्रश्न चित्रमय चौकटीत दाखवता येतो, तोच साध्या ओळींत. ही रचना कुणी दृष्टिहीनांसाठी केली नव्हती. पण पुढे हा प्रश्न आवाजात विचारायची वेळ आली तेव्हा घर पाडावं लागलं नाही, एक दार वाढवावं लागलं.

ते दार वाढवायला मात्र वेळ लागला. १९९५ मध्येच, केंब्रिजहून, निखिल नायर यांनी ‘बीआरएलटीटीवाय’ सुरू केलं. लिनक्सचा मजकुरी पडदा ब्रेल पट्टीवर उमटवणारा प्रोग्राम. ब्रेल पट्टी म्हणजे बोटांखाली टाचण्या वर-खाली होतात आणि अक्षरं बनतात. कॅनडातले कर्क रायझर यांनी ‘स्पीकअप’ केलं. हे लिनक्सच्या गाभ्यातच बसतं, त्यामुळे यंत्र सुरू होतानाच्या अगदी पहिल्या ओळींपासून बोलू शकतं. पण बोलणार कुणाच्या तोंडून? मघाशी म्हटली ती बाहेरची पेटी. तिला फक्त अक्षरं पाठवली की ती बोलते, साउंड कार्ड लागत नाही. म्हणून गाभ्यातून लवकर बोलता यायचं. ब्रेल पट्टी काय, बोलणारी पेटी काय, दोन्ही महाग. आपल्याकडच्या मुलाच्या आवाक्याबाहेर. आणि पुढे तर ती जोडायची जागाच संगणकावरून नाहीशी झाली.

मग उरलं काय? संगणकाच्या स्वतःच्याच स्पीकरमधून, निव्वळ प्रोग्रामने बोलणं. जोनाथन डडिंग्टन यांचं ‘ईस्पीक’ इथे कामी आलं. त्याचा आवाज तुम्ही ऐकलात तर हसाल. पत्र्याच्या डब्यातून माणूस बोलावा तसा. पण आकाराने अगदी लहान, मोफत, आणि कितीतरी भाषा येणारं, मराठीसुद्धा. आवाज गोड असण्यापेक्षा तो पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतो हे इथे महत्त्वाचं. आता स्पीकअप गाभ्यात, ईस्पीक बाहेर, मध्ये निरोप नेणारा एक छोटा दुवा, आणि हे सगळं साउंड कार्डच्या ड्रायव्हरांसकट इन्स्टॉलरच्या पोटात भरायचं. डेबियनमध्ये या कामात पुढे होते फ्रान्सचे सॅम्युअल तिबो. पुढे ही सोय आली. ४ मे २०१३ला डेबियन ७ निघालं, तेव्हाच्या घोषणापत्रात ती ठळक सांगितली होती : ब्रेल उपकरण न वापरणाऱ्या दृष्टिहीनांना आता नुसत्या आवाजावर डेबियन टाकता येईल. इन्स्टॉलर तेव्हा ७३ भाषांत होता, आणि त्यांतल्या डझनभराहून अधिक भाषांत बोलत होता.

याच काळात जर्मनीत क्लाउस क्नॉपर यांचं काम चाललं होतं. सीडीवरून थेट चालणारं क्नॉपिक्स हे त्यांचं. त्यांची पत्नी ॲड्रियाने दृष्टिहीन. तिच्यासाठी त्यांनी सुरू होताक्षणी बोलणारा मेन्यू केला आणि त्याला तिचंच नाव दिलं. ही यादी जरा बघा : राइट, हेंटर, रामन, ॲड्रियाने. हे काम जिथे जिथे पुढे सरकलं तिथे ज्याला दिसत नाही असा माणूस एकतर स्वतः लिहीत होता, नाहीतर लिहिणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर होता. ऑस्ट्रेलियात २००६ला मायकेल करन यांनी एनव्हीडीए लिहायला घेतलं आणि जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले, दोघेही दृष्टिहीन. मोफत असल्यामुळे आज आपल्याकडच्या विद्यार्थ्यांत तेच चालतं. मुंबईचे कृष्णकांत माने, स्वतः दृष्टिहीन, त्यांनी ‘जीएनयूखाता’ ही हिशेबाची मुक्त प्रणाली उभी करण्यात पुढाकार घेतला आणि लिनक्सवरच्या ‘ऑर्का’ या स्क्रीन रीडरचा प्रचार केला.

मोठ्या कंपन्यांचं थोडक्यात सांगतो. ॲपलने एप्रिल २००५च्या आवृत्तीत व्हॉइसओव्हर आतच बसवून दिलं. पुढे तर नवा मॅक पहिल्यांदा सुरू केला की तोच बोलून विचारतो, व्हॉइसओव्हर हवं का. मायक्रोसॉफ्टने विंडोज २०००मध्ये नॅरेटर दिला खरा, पण विंडोज टाकताना तो बोलावा यासाठी २०१७ उजाडलं. विंडोज १०च्या त्या वर्षीच्या आवृत्तीपासून कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबलं की सेटअपमध्येही नॅरेटर बोलतो. सतरा वर्षं. एवढ्या पैशाच्या कंपनीला सतरा वर्षं का लागावीत, याचं उत्तर तंत्रात नाही असं माझं मत आहे. दुकानदारासारखंच त्यांच्याही डोळ्यांसमोर जो ग्राहक होता त्याला पडदा दिसत होता.

आता डेबियनच्या इन्स्टॉलरमधल्या दोन बारीक गोष्टी. माझ्या विद्यार्थ्याने मला दाखवल्या, आणि त्या दिवसापासून मी हे व्याख्यान मनात जुळवतोय.

एक. हल्ली संगणकात आवाजाच्या जागा दोन-तीन असतात. एक स्पीकरकडे जाते, एक मॉनिटरच्या वायरीतून. बोलायचं कुठून हे यंत्राला कसं कळणार? आणि विचारायचं तर विचारायचंही आवाजातच. मग इन्स्टॉलर काय करतो, एकेका जागेवरून आळीपाळीने बोलतो की हे ऐकू येत असेल तर एंटर दाबा. अंधाऱ्या वाड्यात कोणी प्रत्येक खोलीच्या दाराशी जाऊन ‘आहे का कोणी?’ विचारावं तसं. जिथून उत्तर आलं तिथे पुढचं बोलणं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केलं की मेन्यू येतो आणि एक बीप वाजते. बीप ऐकू आली की ‘एस’ आणि एंटर दाबायचं, बोलणारी वाट सुरू होते. पण समजा कोणी काहीच दाबलं नाही, तर? एरवीच्या जगात अशा वेळी काय होतं? नेहमीची, डोळसांची वाट आपोआप सुरू होते. अलीकडच्या डेबियनमध्ये उलट केलंय. काही सेकंद कोणी काही दाबलं नाही तर आवाजाची वाट सुरू होते. म्हणजे समोरून उत्तर आलं नाही, तर समोरच्या माणसाला मेन्यू दिसत नसावा असं धरून चालायचं. ज्याला दिसतंय तो काय, आपलं बटण दाबेलच. मी चाळीसेक वर्षं वर्गात ‘सामान्य माणूस’ हा शब्द वापरत आलो. ‘आपण कोणाला गृहीत धरतो’ यावर तास घेतले. पण इतकं नेमकं उदाहरण मला देता आलं नव्हतं.

फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरो यांनी १७४९ मध्ये एक पत्र लिहिलं, ‘आंधळ्यांविषयी पत्र, डोळसांच्या उपयोगासाठी’. त्यासाठी त्यांना व्हँसेनच्या किल्ल्यात कोंडलं होतं. त्यात प्यूझो गावच्या एका दृष्टिहीन माणसाची भेट आहे. त्याला विचारलं, डोळे मिळाले तर आनंद होईल का? तो म्हणाला, त्यापेक्षा लांब हात मिळाले तर बरे. दुसरा तपशील सहसा कुणी सांगत नाही. हा माणूस रात्री काम करायचा. इतर झोपले की उठायचा, आणि पहिलं काम म्हणजे दिवसभरात घरच्यांनी इकडची तिकडे केलेली प्रत्येक वस्तू जागेवर ठेवायची. सकाळी बायको उठायची तेव्हा घर लावलेलं असायचं.

माझ्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा एकट्याने डेबियन टाकलं तेही रात्रीच. दिवा लावायची गरज नाही, म्हणून घरच्यांना वाटलं झोपला असेल. कानाला हेडफोन. इन्स्टॉलर पर्याय आकड्यांनी सांगतो, याने आकडा दाबून एंटर मारायचं. डिस्कच्या भागांची यादी आली तेव्हा, त्याने सांगितलं, ती सातदा ऐकली. प्रत्येक ओळ, प्रत्येक कंस. मी गाळलेली यादी तीच.

आपल्यासाठी उरलेलं काम बरंच आहे. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी आहे, भाषांतर आपल्याच लोकांनी केलंय. पण ते चित्रमय पडद्यावर. बोलणारी वाट आहे मजकुरी पडद्याची, आणि तिथे देवनागरी जोडाक्षरं उमटत नाहीत. म्हणजे ईस्पीकला मराठी येतं, इन्स्टॉलरला मराठी येतं, आणि दोघांची गाठ पडत नाही. शेवटी इंग्रजीतच ऐकावं लागतं. ब्रेलच्या बाबतीत असंच झालं होतं. एकेका भागात एकेक लिपी, आणि १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं तेव्हा कुठे मराठी आणि तमिळ मुलांना एकाच टिंबांच्या घडणीत वाचता यायला लागलं. आता तर निकड जास्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. जुनी यंत्रं विंडोज ११ला चालत नाहीत, आणि गावोगावी अशी यंत्रं धूळ खात पडलीत. त्यांवर लिनक्स चढवता येतं. ज्याला येतं त्याला ती फुकट मिळाल्यासारखीच आहेत.

आणि एक पायरी अजून गप्पच आहे. पेनड्राइव्हवरून सुरू हो, हे यंत्राला सांगायला आधी बायॉसमध्ये जावं लागतं. ते बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या त्याला आवाज देत नाहीत. तिथे स्पीकअप नाही, नॅरेटर नाही. सगळी वाट बोलकी झाली, फक्त फाटक मुकं राहिलं.

मी त्याला विचारलं, तिथे काय करतोस? त्याने कपाटातून एक जाड कागद काढला, ब्रेलमध्ये टोचलेला. भाच्याने सुरतेहून व्हिडिओ कॉलवर पडदा बघून एकदा सांगितलं होतं, ते याने उतरवून ठेवलंय. बटण दाबल्यावर लगेच एफ-१२ सारखं दाबत राहायचं, मनात दहा मोजायचे, खालचा बाण तीनदा, एंटर, मग बीपची वाट बघायची. असे चार कागद आहेत त्याच्याकडे. एक स्वतःच्या यंत्राचा, एक ऑफिसातल्या, दोन मित्रांच्या. तालुक्यातल्या दोघा-तिघांची यंत्रं आता तोच लावून देतो. यंत्र बदललं की कागद नवीन.